खाऱ्या रानातले भात आणि मिठात येणारे बेणे

(ऊस विकास विभागाकडून)



यंदा लागणीच्या नोंदी सुरू झाल्यापासून आमच्या गट कार्यालयांत एक मागणी वारंवार येत आहे. नदीकाठच्या आणि पाटाच्या शेपटाकडील गावांतून तर ती हटकून येते. परवा एक जुने सभासद आले. खुर्चीवर नीट टेकलेसुद्धा नाहीत, आणि म्हणाले, "साहेब, ८६०३२ आता आमच्या रानात उगवतच नाय. निम्म्या सऱ्या मोकळ्या. वर पांढरं फूल आलंय. तुम्ही आपलं मिठात येणारं बेणं द्या. मातीपरीक्षण आन् चराचं नंतर बघू."

आम्ही त्यांना चहा पाजला. पण त्यांच्या मागणीचे उत्तर चहाच्या एका कपात बसण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

मिठात तग धरणारे वाण काढण्याचे काम जेवढे भातात झाले आहे तेवढे उसात झालेले नाही. आता कोणी म्हणेल, उसाच्या कारखान्याच्या अंकात भाताचे काय काम? काम आहे. भाताच्या शेतकऱ्याच्या बांधापलीकडे प्रत्यक्ष समुद्र उभा असतो. 'मिठात येणारे बियाणे' हा प्रश्न त्याला पिढ्यान् पिढ्या पडलेला आहे आणि त्याला त्याचे उत्तरही बऱ्यापैकी मिळालेले आहे. ते उत्तर कितपत खरे आणि कुठे येऊन थांबते, हे पाहिले तर आपल्या रानाचा विचार करणे सोपे जाईल.

खार, बांध आणि उघाडी

पालघर-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत खाड्यांच्या दोन्ही अंगांना जी सखल भातजमीन आहे तिला खार जमीन म्हणतात. अलिबाग-पेणकडच्या पट्ट्याचे तर नावच खारेपाट. जिथे पूर्वी भरतीचे पाणी सरळ आत येत होते, तिथे मातीचा बांध घालून लोकांनी समुद्राला बाहेर थोपवले आणि आतली जमीन भाताखाली आणली. या बांधात ठिकठिकाणी एक झडपेचे दार असते, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी रेटा देते, दार उघडते आणि पाणी बाहेर जाते. भरतीला बाहेरचे पाणी तेच दार दाबून बंद करते. वीज नाही, पंप नाही, राखणदाराने रात्री उठून हँडल फिरवायचे नाही. गोव्यात अशा जमिनीला खाजण म्हणतात आणि या दाराला मानस. तिथे बांध व मानस राखण्याचे काम गांवकरी संस्थांकडे, म्हणजे कोमुनिदादींकडे, शेकडो वर्षे होते. आपण सहकार सहकार म्हणतो, पण गावाने मिळून पाणी सांभाळण्याचा हा नमुना आपल्या कायद्याच्या किती तरी आधीचा आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागातील काही मंडळी व काही सभासद खारेपाटात जाऊन आले. आपल्या लोकांना पहिले आश्चर्य वाटले ते तिथल्या हंगामाचे. कोकणात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर. जून-जुलैत तो धो धो पाऊस मातीतले मीठ विरघळवतो, धुतो आणि उघाडीवाटे बाहेर नेतो. म्हणजे जमीन दरवर्षी नव्याने गोडी होते आणि त्या चार महिन्यांत एक भात निघते. पाऊस संपला की खालचे खारट पाणी, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे मातीतून वर चढते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. होळीच्या सुमारास तेच शेत पांढरे दिसते. त्या वेळी तिथे भातच काय, हरळीसुद्धा नीट येत नाही. म्हणून खारेपाटातला शेतकरी पेरणीची घाई करीत नाही. पहिल्या पावसांनी मीठ धुऊन जाऊ देतो, मग काही ठिकाणी रोपे लावतो, तर काही ठिकाणी मोड आलेले बियाणे चिखलात फेकतो. या दुसऱ्या पद्धतीला ते लोक रहू म्हणतात.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. अलिबाग तालुक्यातील चरी गावाच्या परिसरात १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी खोतांच्या विरुद्ध संप केला. नेते नारायण नागू पाटील. सहा वर्षे लोकांनी जमीन कसली नाही, उपासमार सोसली, पण वाकले नाहीत. ज्या मातीत दर उन्हाळ्यात मीठ फुटते त्या मातीवरही माणसाचा जीव किती असतो, हे यावरून कळावे. क्षारपड झाली म्हणून जमीन 'गेली' असे आपल्याकडे फार लवकर म्हटले जाते.

काळा रता, भुरा रता

अशा जमिनीत शेतकऱ्यांनी पूर्वापार जपलेली भाते होती. काळा रता, भुरा रता ही आपल्या कोकणातली. गोव्याच्या खाजणात कोरगुट. केरळात पोक्काळी. बंगालच्या सुंदरबनाकडे नोना बोक्रा, त्यातल्या 'नोना' शब्दाचा अर्थच खारट. ही भाते उंच वाढत, वाऱ्याने लोळत, दाणा जाडा, बहुतेकांचा तांबडा, उतारा बेताचा. पण बांधाला खांड पडून एखाद्या उधाणाचे पाणी आत आले तरी कुटुंबाला पुरेल एवढे पोटाला देत.

केरळातली पोक्काळीची रीत तर ऐकण्यासारखी आहे. उन्हाळ्यात शेतात मातीचे लहान लहान ढीग करतात. पावसाने ढिगांच्या माथ्यावरचे मीठ आधी धुतले जाते, म्हणून मोड आलेले बी ढिगांवर टाकतात. रोपे हातभर झाली आणि भोवतालच्या रानातले मीठही उतरले की ते ढीग कुदळीने कापून रोपांसकट सगळीकडे पसरतात. भात पिकल्यावर फक्त वरच्या लोंब्या कापतात. उरलेले ताट पाण्यात कुजू देतात आणि नोव्हेंबरपासून त्याच रानात कोळंबी धरतात. भाताचे उरलेसुरले कोळंबीला, कोळंबीचे खत भाताला. एर्नाकुळम, आलप्पुळा, त्रिशूर या जिल्ह्यांत ही शेती चालते. आज मजुरी आणि कोळंबीचा भाव यांमुळे भात मागे पडत चालले आहे, हेही तितकेच खरे.

जगातल्या शास्त्रज्ञांनी मिठात टिकणारे भात काढायला घेतले तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेत काही शून्यातून निर्माण केले नाही. त्यांनी ही जुनीच बियाणी गोळा केली. शेतकऱ्यांच्या मिसळ बियाण्यातून एकेक चांगली लोंबी निवडून काळा रता १-२४ आणि भुरा रता ४-१० असे शुद्ध वाण आपल्या राज्यात तयार झाले. त्यांतला काळा रता पुढे फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेपर्यंत गेला व पोक्काळी, नोना बोक्रा यांच्या पंक्तीत बसून नव्या जातींचा 'दाता' म्हणून वापरला गेला. कोकणातल्या कोणा आजीने मडक्यात राखलेले बियाणे ते. तिचे नाव कुठल्या अहवालात सापडणार नाही.

संकर म्हणजे काय भानगड

काम ऐकायला सोपे आहे. एका बाजूला जुने भात, मीठ सोसणारे पण उंच व कमी उताऱ्याचे. दुसऱ्या बाजूला १९६६ साली आलेल्या आय. आर. ८ सारखे बुटके, खताला प्रतिसाद देणारे, भरघोस उताऱ्याचे, पण मिठाला नाजूक. दोघांचे लग्न लावायचे आणि दोघांचे चांगले तेवढे घ्यायचे. घरच्या लग्नात हे जेवढे साधते तेवढेच इथेही साधते.

भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे संकर करायचा तर संध्याकाळी एकेका दाण्याच्या फुलाचा शेंडा कातरून आतले सहाही पुंकेसर काढून टाकावे लागतात, लोंबीवर कागदी पिशवी घालावी लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास, फुले उमलतात त्या थोड्या वेळात, दुसऱ्या जातीचा पराग वर झटकावा लागतो. यातून मूठभर दाणे मिळतात. पहिली पिढी सगळी सारखी दिसते. दुसऱ्या पिढीत मात्र सगळे फाटे फुटतात. हजारो रोपांत कोणी उंच, कोणी बुटके, कोणी मीठ सोसणारे, कोणी करपणारे. त्यातून निवड करायची, पुन्हा पेरायचे, पुन्हा निवडायचे. पाच-सहा पिढ्या गेल्यावर वाण स्थिर होते. मग निरनिराळ्या ठिकाणी चाचण्या, मग मान्यता, मग पैदासकार, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्यांनी बियाणे वाढवायचे. आठ-दहा वर्षे कुठेच जात नाहीत.

त्यात आणखी एक अडचण अशी की खारे रान सगळीकडे सारखे खारे नसते. एका वाफ्यात मीठ कमी, दहा पावलांवर दुप्पट. एखादे रोप जगले ते त्याच्या गुणाने की त्याच्या पायाखाली मीठ कमी होते म्हणून, हे कसे ओळखायचे? यासाठी रोपे ट्रेमध्ये अन्नद्रव्यांच्या पाण्यावर वाढवतात, त्या पाण्यात मोजून मीठ घालतात आणि प्रत्येक रोपाला १ ते ९ गुण देतात. १ म्हणजे जवळजवळ धडधाकट, ९ म्हणजे मेलेले. परीक्षेत इथे कमी गुण मिळवणारा हुशार! आणि एवढे करून निवडलेले रोप फुलोऱ्यात दगा देऊ शकते. भात मिठाला दोन वेळा फार नाजूक असते, एकदा कोवळ्या रोपपणी आणि एकदा लोंबी पोटात असताना व फुलताना. रोपपणी टिकणारे वाण फुलोऱ्यात टिकेलच असे नाही, कारण हे दोन गुण वेगवेगळे आहेत. फुलोऱ्यात पाऊस खंडला आणि मीठ वर आले तर शेत हिरवेगार दिसते आणि लोंब्या पोचट निघतात.

रोपाच्या आत काय घडते तेही आता पुष्कळसे कळले आहे. मिठातला सोडियम मुळांवाटे रसात येतो, रसाबरोबर पानात चढतो व पान शेंड्याकडून करपवतो. सोसणाऱ्या जातींत मुळांपासून वर जाणाऱ्या रसवाहिन्यांच्या कडेलाच एक राखणदार असतो, तो वर निघालेला सोडियम बाहेर ओढून काढतो आणि पानापर्यंत फार पोचू देत नाही. नोना बोक्रामधील हा राखणदार, म्हणजे ते जनुक, शांघायच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली ओळखले. पोक्काळीतही भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर याच जागेच्या आसपास असा एक तुकडा सापडला, त्याला 'सॉल्टॉल' म्हणतात. आता रोपाच्या पानाचा चिमूटभर तुकडा तपासून हा भाग त्यात आला की नाही हे कोवळेपणीच कळते, त्यामुळे निवडीतली काही वर्षे वाचतात. पण एकट्या सॉल्टॉलने काम भागत नाही. मीठ सोसणे हा पुष्कळ लहान-मोठ्या गुणांचा मिळून झालेला संसार आहे.

एवढ्या खटाटोपातून जे हाती आले ते कमी नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणे दिली. कर्नालच्या केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेची १९६९ साली स्थापना झाली. तिने १९८९ साली सी. एस. आर. १० हे बुटके, जास्त उताऱ्याचे वाण दिले व २००१ साली बासमतीच्या वळणाचे सी. एस. आर. ३० दिले. ही दोन्ही मुख्यतः उत्तरेकडील चोपण जमिनींसाठी. कटकच्या संस्थेने ओडिशाच्या किनाऱ्यासाठी लुणिश्री, लुणा सुवर्णा, लुणा संपद अशी वाणे काढली. जुने गोवे येथील संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान १ व २ दिली.

बियाण्याची किंमत लोकांना कधी कळते त्याचे एक उदाहरण सुंदरबनातले. २५ मे २००९ रोजी आयला चक्रीवादळाने तेथील बांध फोडले आणि समुद्राचे पाणी शेतात शिरले. नव्या जास्त उताऱ्याच्या जातींपुढे जुनी नोना भाते बहुतेकांनी तोवर सोडून दिली होती. त्या वर्षी तीच शोधत माणसे गावोगाव फिरली. कोणाकडे दोन शेर, कोणाकडे पायलीभर, असे बियाणे पुन्हा गोळा करावे लागले.

सोसणे म्हणजे किती सोसणे

आता आमच्या त्या सभासदांच्या मुद्द्याकडे येऊ. मातीतले विद्राव्य मीठ विद्युत वाहकतेवरून मोजतात. एकक डेसिसायमन प्रति मीटर. जुन्या अहवालांत मिलीमोज असे लिहिलेले दिसेल, आकडा तोच. ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजतात. समुद्राचे पाणी सुमारे ५० असते.

साधारण भात ३ पर्यंत विशेष तक्रार करीत नाही. त्यापुढे वाहकता एका अंकाने वाढली की उत्पादन साधारण १२ टक्क्यांनी घटते. ऊस त्याहून लवकर कुरकुर सुरू करतो, १.७ लाच. पण त्यापुढे त्याची घट दर अंकाला सुमारे ६ टक्के, म्हणजे भाताच्या निम्मी. हिशेब केला तर वाहकता ६ असताना भाताचे एक तृतीयांशाहून अधिक आणि उसाचे जवळजवळ एक चतुर्थांश उत्पादन जाते. १० वर गेल्यावर भाताचे जवळजवळ सगळे आणि उसाचे निम्मे. म्हणजे ज्या सभासदाचा ऊस एकरी ४० टनांवरून ३० वर आला आणि तो वाणाला दोष देतो आहे, त्याने आधी आपल्या मातीची वाहकता पाहावी. पानांवर काही दिसण्याआधीच दहा टन गेलेले असू शकतात.

सोसणारे वाण हा आकडा थोडा पुढे सरकवते. ३ च्या जागी ५, ६, काही जाती त्याहूनही थोडे अधिक. ५० पर्यंत कोणतेही नाही. खारेपाटात एका वयस्क शेतकऱ्यांना आमच्या सोबतच्या सभासदांनी विचारले, "काका, नवीन बियाणं आल्यावर बांधाचं एवढं बघावं लागत नसंल?" ते नुसते हसले. मग म्हणाले, "बांध फुटला तर बियाणं काय करील? बियाणं आपलं पावसानं दगा दिला तर हाय." पावसाचा खंड, उघाडीतून झिरपलेले थोडे पाणी, एखाद्या कोपऱ्यातले उरलेले मीठ, एवढे ते वाण सोसते. त्याच्यापुढचे काम बांधाचे, उघाडीचे आणि पावसाचे आहे. तिथले संशोधकही तेच सांगतात.

आणि बांध हा एकट्याचा नसतो. १९४८ च्या व नंतर १९७९ च्या खार जमीन कायद्यांनी योजना झाल्या, बांधांची जबाबदारी बरीचशी सरकारकडे गेली. पण ज्या भागात निम्म्या मालकांनी जमिनी विकल्या किंवा कसणे सोडले, तिथे बांधाकडे बघणारे कोणी उरले नाही. एका जागी खांड पडली की शेजारच्या पन्नास जणांच्या रानात समुद्र. दोन-चार वर्षे तसेच राहिले की तिवरे उगवतात. मग ते कांदळवन झाले, आणि कांदळवन तोडायला कायद्याने बंदी आहे. बंदी योग्यच आहे, पण त्या शेतकऱ्याचे रान मात्र परत येत नाही. अशा रानात पनवेल-३ चे पोते नेऊन काय उपयोग?

आपल्याकडे बांध कुठला?

आपल्या क्षारपड जमिनीत समुद्र बाहेरून आलेला नाही. पाटाचे आणि उपसा योजनेचे पाणी वर्षानुवर्षे भारी काळ्या रानात गेले, खाली निचऱ्याला वाट नव्हती, पाण्याची पातळी वर आली आणि मातीतलेच मीठ घेऊन पृष्ठभागाशी पोचली. त्यात कोकणासारखा धुऊन नेणारा पाऊसही नाही. म्हणजे खारेपाटातल्या शेतकऱ्याला जे काम निसर्ग दरसाल फुकट करून देतो, ते आपल्याला चर काढून आणि मोजून पाणी देऊन करावे लागते.

उसात मिठाला सोसणारे वाण नाही असे नाही. पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने २००७ साली दिलेले को. एम. ०२६५, आपण ज्याला फुले २६५ म्हणतो, ते क्षारयुक्त रानात ८६०३२ पेक्षा चांगले येते. हे आपल्या सभासदांनीही पाहिले आहे. उसात एक सोय अशी की चांगले रोप एकदा सापडले की टिपरीपासून तंतोतंत तेच वाढते. भातासारख्या पिढ्यान् पिढ्या स्थिर करीत बसावे लागत नाही. पण उसाचे संकर मुळात अवघड, तुरे सगळीकडे नीट येत नाहीत, संकराचे बी कोईमतूरकडून यावे लागते, आणि हजारो रोपांतून एखादे पुढे टिकते. शिवाय २६५ उशिरा पक्व होतो. हंगामाच्या सुरुवातीला तोडला तर उतारा बसत नाही, म्हणून कारखान्याचा तोडणी कार्यक्रम आणि सभासदाची घाई यांत या वाणावरून दरवर्षी ओढाताण होते. ती आम्हांला रोज ऐकावी लागते, तेव्हा त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

मुद्दा असा की २६५ लावून ज्यांनी चर काढला त्यांचा खोडवाही उभा आहे. ज्यांनी नुसते बेणे बदलले त्यांना पहिली दोन वर्षे बरे वाटले, तिसऱ्या वर्षी पुन्हा सऱ्या मोकळ्या. पाण्याची पातळी तिथेच असेल तर मीठ थांबत नाही, वाढतच राहते, आणि वाणाची मर्यादा ओलांडून पुढे जाते.

जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा करण्याचे काम शिरोळच्या श्री दत्त कारखान्याच्या परिसरात सभासदांनी मोठ्या प्रमाणावर केले आहे. पडीक पडलेल्या रानांत पुन्हा ऊस आला आहे. तिथे जाऊन आलेले आपले सभासद एकच सांगतात, अडचण नळीची नाही, शेजाऱ्याची आहे. वरच्या रानातले पाणी खालच्या रानातून नाल्याला न्यावे लागते. खालचा म्हणतो, "माझ्या रानातून नळी का?" वरचा म्हणतो, "माझं पाणी मी सोडणार." आणि नाल्यात कोणी बांध घालून मोटर बसवलेली असते. आपल्या कार्यक्षेत्रात गेल्या तीन वर्षांत निचऱ्याचे जे प्रस्ताव अडले, ते पैशाअभावी अडलेले फार थोडे. कर्जाची वाट निघते, मुख्य चराची वाट निघत नाही. एका गावात तर दोन सख्ख्या भावांच्या बांधावर काम थांबले आहे. दोघेही आपले सभासद, दोघांचीही जमीन पांढरी होत चालली आहे, आणि दोघेही वेगवेगळ्या दिवशी येऊन आमच्याकडे मिठात येणारे बेणे मागतात. त्यांना उघाडीची गोष्ट आम्ही सांगितली आहे. येत्या गट सभेत दोघांना एका बाकावर बसवावे, असा आमचा विचार आहे. सरपंचांनी मध्यस्थीची तयारी दाखवली आहे.

दुसरे, सगळी पांढरी जमीन एक नव्हे. नुसते विद्राव्य मीठ जास्त आहे आणि सामू साडेआठच्या आत आहे, तर ती क्षारयुक्त. तिला निचरा आणि वरून गोडे पाणी लागते, जिप्सम टाकून फायदा नाही. सामू साडेआठच्या वर, माती ओली असता चिकट, वाळली की दगड, वर काळपट तवंग, तर ती चोपण. तिला जिप्सम, शेणखत, ताग-धैंचा आणि मग निचरा. काही रानांत दोन्ही दोष एकत्र असतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून सरसकट जिप्समची पोती ओतणारे सभासद आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

यंदा ज्यांना २६५ चे बेणे क्षारपड रानासाठी हवे आहे, त्यांनी मागणीबरोबर मातीचा अहवाल द्यावा, असे आम्ही ठरवले आहे. नमुना घेण्याची रीत नेहमीपेक्षा थोडी वेगळी आहे. पाऊस किंवा पाणी दिल्यावर लगेच घेऊ नये, रान वाफशाला येऊ द्यावे. वरचा एक फूट, त्याखालचा एक फूट व तिसरा फूट असे तीन थर वेगवेगळे घ्यावेत. तीनही एकत्र मिसळू नयेत, कारण मीठ कोणत्या थरात बसले आहे हेच पाहायचे असते. पांढरा पापुद्रा असेल तर तो वेगळ्या कागदात. प्रत्येक थराची माती अर्धा किलो, सावलीत वाळवलेली, स्वच्छ कापडी पिशवीत. खताच्या रिकाम्या पोत्यात आणलेला नमुना गट कार्यालय परत करील. त्याच वेळी रानात सहा-सात फुटांचा एक खड्डा किंवा गिरमिटाचे छिद्र घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती फुटांवर उभे राहते ते मोजून चिठ्ठीवर लिहावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी देत असाल तर ते एका धुतलेल्या बाटलीत भरून, बाटलीवर गट नंबर व नाव टाकून सोबत आणावे.